पडद्यावरचा दवाखाना

या सदरात दर आठवड्याला मी रक्तदाब, मधुमेह, हगवण, सर्पदंश असे विषय घेतो. आज वाचकांची परवानगी घेऊन सिनेमाविषयी लिहिणार आहे. कोणी म्हणेल, डॉक्टरांना काही कामधंदा उरला नाही काय? काम भरपूर आहे. पण सिनेमाचा शौक मला डॉक्टरकीच्याही आधीपासूनचा. शिवाय वणीसारख्या गावात तीस वर्षे दवाखाना चालवल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. रुग्ण माझ्याकडून जेवढे शिकतो, त्याहून जास्त तो पडद्याकडून शिकतो. चांगलेही आणि वाईटही. तेव्हा पडद्यावर काय दाखवतात, हा आमच्याही खात्याचा विषय झाला.

मुलाने घरच्या टीव्हीला इंटरनेट जोडून दिल्यापासून रात्री दवाखाना बंद केला की मी आणि आमच्या सौ. तासभर काही ना काही पाहतो. त्यात अलीकडे सर्वांत आवडली ती ‘ग्राम चिकित्सालय’ ही हिंदी मालिका. मे 2025 मध्ये प्राइम व्हिडिओवर आली. अवघे पाच भाग. दिल्लीहून एक तरुण डॉक्टर भटकंडी नावाच्या खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. तिथे रुग्णच येत नाहीत. गावाचा विश्वास चेतक कुमार नावाच्या झोळाछाप डॉक्टरवर. विनय पाठक यांनी हा चेतक असा उभा केला आहे की राग येण्याऐवजी हसू येते, आणि हसता हसता आमच्यासारख्यांना थोडी लाजही वाटते. हा माणूस मोबाइलवर आजार शोधून औषध देतो, हे चूकच. पण तो माणसाला बसवून घेतो, नावाने हाक मारतो, घरचे विचारतो. पदवी आमच्या भिंतीवर आहे आणि ही विद्या त्याच्याकडे, असे का झाले? मी सौ.ला म्हटले, ही मालिका मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षाला लावली पाहिजे.

सगळेच काही आपल्याकडे जसेच्या तसे नाही. आपल्या जिल्ह्यात आशाताई दारोदार फिरतात, बाळंतपणासाठी बायका केंद्रात जातात. तरीही झरी जामणी किंवा मारेगावच्या आतल्या गावांतून माझ्याकडे येणारा रुग्ण आधी कुठे कुठे जाऊन आलेला असतो, ते मला ठाऊक आहे. मालिका त्या वाटेवर बोट ठेवते, म्हणून ती खरी वाटते.

या मालिकेत केंद्रातल्या नर्सबाईंचा एक मुलगा आहे. त्याला मनाचा आजार आहे. त्या मुलामुळेच आज हा लेख लिहितो आहे.

माझ्याकडे एक आई बरीच वर्षे येते. नाव-गाव सांगत नाही. तिचा मुलगा बारावीपर्यंत चांगला शिकलेला. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी शेतात जाणे सोडले. कोपऱ्यात बसून राहायचा, एकटाच पुटपुटायचा, जेवणात कोणी काही घातले म्हणून ताट सारायचा. पहिल्यांदा आणला तेव्हा मी सरळ सांगितले की, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. आई उठून उभी राहिली. “आमचं पोट्टं पागल नाही, डाक्टरसाहेब. त्याले शॉक द्याचे नाही मले.” आणि गेली. महिन्याभराने पुन्हा आली, तेव्हा मी तो शब्द काढलाच नाही. झोपेची गोळी आणि शक्तीचे औषध लिहून दिले. पुढेही तेच. अशी चार वर्षे गेली. मधल्या काळात त्यांनी देवस्थाने केली, धागे बांधले, दीड एकर गहाण पडले. मी पाहत होतो. गप्प होतो. वाचकहो, ही माझी चूक आहे आणि ती मी इथे लिहून कबूल करतो.

2025 च्या पावसाळ्यात ती बाई एकटी आली. भाच्याच्या मोबाइलवर तिने ही मालिका पाहिली होती. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “साहेब, त्या पिच्चरमधल्या नर्सबाईचं पोट्टं अन् आमचं पोट्टं एकसारखंच हाय हो. तिले त लाज नाही वाटली. मंग मलेच कायले वाटावं?”

मी चार वर्षांत जे बोलू शकलो नाही, ते त्या मालिकेने एका रात्रीत बोलून दाखवले. मुलाला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले. निदान स्किझोफ्रेनियाचे झाले. शॉकची गरज पडली नाही, गोळ्या सुरू झाल्या. तो आज पूर्ण बरा आहे असे मी म्हणणार नाही. गोळ्या चालू आहेत आणि बराच काळ चालतील. पण आता तो आईच्या हातचे जेवतो आणि बाजारातून भाजी आणतो. हा आजार जितका लवकर ओळखावा, तितके औषध चांगले लागू पडते. ती चार वर्षे मात्र परत येणार नाहीत.

आता शॉकची ती भीती आईच्या मनात आली कुठून? तीही पडद्यावरूनच. आपल्या जुन्या हिंदी सिनेमांत वेड्यांचे इस्पितळ दाखवले की ठरलेला देखावा असे. चार दांडगट माणसे एखाद्याला टेबलाला बांधतात, डोक्याला तारा लावतात आणि तो किंचाळतो. कित्येकदा तर खलनायक शहाण्या माणसालाच तिथे डांबतो. दोन पिढ्यांनी हेच पाहिले. खरी गोष्ट अशी की, हा उपचार थोड्याच रुग्णांना लागतो आणि तो भूल देऊन, स्नायू सैल करण्याचे औषध देऊन केला जातो. रुग्ण त्या वेळी झोपलेला असतो. भूल न देता तो करण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदीच घातली आहे. म्हणजे भीती घातली पडद्याने आणि ती काढलीही पडद्यानेच. डॉक्टर मध्ये नुसता उभा होता.

दुसरा सिनेमा आपल्या शेजारचा. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातल्या डोंगरगावात जयंत सोमलकर यांनी ‘स्थळ’ हा मराठी चित्रपट केला. 2023 साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च 2025 मध्ये तो आपल्याकडे लागला. नट-नट्या गावातलेच, भाषा आपलीच, घरात पडलेला कापूस आणि त्याच्या भावाची चिंताही आपलीच. शिकणाऱ्या सविताला पाहायला पाहुणे येतात, तिला स्टुलावर बसवतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. नाव काय, उंची किती, छंद कोणता. नंदिनी चिकटे या मुलीने ती सविता अशी साकारली आहे की मी थिएटरमध्ये मान खाली घातली. सुरुवातीच्या स्वप्नात हाच प्रकार उलटा होतो. मुलगा स्टुलावर आणि प्रश्न विचारायला बायका! तेव्हा लोक खदखदून हसतात. पुढे हसू हळूहळू बंद होते. ज्यांनी हा सिनेमा पाहिला नसेल, त्यांनी मुली आणि मुलगे दोघांनाही घेऊन पाहावा.

यात डॉक्टरचा काय संबंध? ऐका. लग्नसराईच्या आधी माझ्याकडे मुली येतात त्या चेहरा घेऊन. गाल लाल, आग होते, उन्हात जाववत नाही, पुळ्या, कधी चेहऱ्यावर लव वाढलेली. विचारले की कळते, “गोरं व्हायचं” मलम चार-सहा महिने लावलेले असते. मैत्रिणीने सांगितले, दुकानातून आणले. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असते. पहिले काही आठवडे चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते आणि मलम सोडले की चेहरा पेटतो. 2018 साली सरकारने अशी बरीच मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती मिळतातच. मी आई-बापांना किती वेळा सांगितले की, पोरीच्या रंगात आजार नाही, तुम्ही आणलेल्या ट्यूबमध्ये आहे! आता मी त्यांना आधी ‘स्थळ’ पाहायला सांगतो. ट्यूब आपल्याआप बंद होते, असा माझा दावा नाही. पण बोलणे सुरू होते. आणखी एक सूचना. पाहुणे येणार म्हणून बारीक दिसण्यासाठी मुली उपाशी राहतात. आपल्या मुलींत रक्त आधीच कमी, त्यात हा उपास. पाहुण्यांना पोहे खाऊ घालण्याआधी मुलीने जेवले पाहिजे.

तिसरा सिनेमा ‘सितारे जमीन पर’. जून 2025 मध्ये आला आणि त्याच ऑगस्टमध्ये शंभर रुपयांत यूट्यूबवर घरबसल्या पाहायची सोय झाली होती. गाजलेल्या एका स्पॅनिश चित्रपटावर तो बेतलेला आहे. एका तापट प्रशिक्षकाला शिक्षा म्हणून बौद्धिक अडचणी असलेल्या खेळाडूंचा बास्केटबॉल संघ शिकवायला पाठवतात. आमीर खान आहेच, पण मैदान मारले आहे ते त्या दहा जणांनी. ही भूमिका करणाऱ्यांना खरोखरच डाउन सिंड्रोम, स्वमग्नता अशा अडचणी आहेत. थोडा लांबला आहे, उपदेशही जरा जास्त झाला आहे. पण मुलाला घरात लपवून ठेवणाऱ्या आईबापांसाठी त्याहून चांगले औषध माझ्या कपाटात नाही. अशा घरांसाठी दोन गोष्टी. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. म्हणून हृदयाची सोनोग्राफी आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. अंगणवाडीत आणि शाळेत बालआरोग्य तपासणीचे सरकारी पथक येते, त्याला मूल दाखवावे, त्या दिवशी घरी ठेवू नये.

नव्याचे कौतुक करताना जुने विसरू नये. ‘श्वास’ 2004 साली आला, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, ऑस्करसाठी भारतातर्फे गेला. नातवाच्या डोळ्यांत कर्करोग निघतो. ऑपरेशननंतर त्याला दिसणार नाही. म्हणून आजोबा त्याला आधी जग दाखवायला रुग्णालयातून घेऊन जातात. अरुण नलावडे यांचे ते आजोबा मी आजवर चार वेळा पाहिले आणि चारही वेळा चष्मा पुसावा लागला. त्या सिनेमाने एक वैद्यकीय गोष्ट घरोघरी पोचवली. लहान मुलाच्या बुबुळात पांढरी चकाकी दिसली, मोबाइलच्या फोटोत एक डोळा लाल आणि एक पांढरा आला किंवा डोळा अचानक तिरळा झाला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. हा आजार बहुतेक पाच वर्षांच्या आत होतो आणि लवकर सापडला तर जीवही वाचतो, अनेकदा दृष्टीही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर या जोडीचे चित्रपटही जरूर पाहा. ‘अस्तु’ स्मृतिभ्रंशावर आहे, ‘कासव’ नैराश्यावर. ‘कासव’ला 2016 सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या कापूसपट्ट्यात नैराश्याने किती घरे बसली, हे मी सांगायला नको. त्या सिनेमात कोणी त्या खचलेल्या तरुणाला भाषण देत नाही. फक्त त्याच्या सोबत राहतात. नातेवाइकांनी शिकण्यासारखे एवढेच आहे आणि ते फार मोठे आहे.

पडद्यावरचे सगळेच खरे मानू नका. यंत्रावर सरळ रेघ आली की डॉक्टर विजेचा झटका देतो आणि नायक उठून बसतो. सरळ रेघेवर तो झटका चालत नाही. तिथे छाती दाबत राहावे लागते, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा. आणि एका रात्रीत आठ भाग संपवणाऱ्यांनाही सांगतो, तुमचा सकाळचा रक्तदाब मला मालिकेचे नाव सांगतो! दोन भाग पुरेत. झोपेच्या आधी तासभर पडदा बंद.

शेवटी एकच विनंती. सिनेमा एकट्याने मोबाइलवर पाहू नका, घरच्यांसोबत पाहा. संपल्यावर लगेच दुसरा लावू नका. दहा मिनिटे बसा. त्या दहा मिनिटांत कोणीतरी म्हणेल, “आपल्या घरातही असेच आहे.” त्याला गप्प करू नका. मनाच्या आजाराविषयी विचारायचे असेल, तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येते. तेही जमत नसेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. तो चुकून शक्तीचे औषध लिहायला लागलाच, तर त्याचा हात धरा आणि खरे काय ते विचारा. माझाही धरायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात नेहमीप्रमाणे रक्तदाब.