काटा रुसला? आधी मूळ शोधा!

सोमवारची सकाळ, नऊची मीटिंग आणि पेट्रोलचा काटा छान अर्ध्यावर. परवाही तिथंच होता, हे लक्षात कोण घेतो? भर हायवेवर गाडीनं दोन आचके दिले आणि कळलं, टाकीत ठणठण गोपाळ!

वर्कशॉपमध्ये पहिलं वाक्य : 'साहेब, अख्खा मीटर बदलावा लागेल.' थांबा, बॉस! एकच काटा रुसला असेल, तर दोष बऱ्याचदा मीटरबाहेर असतो. पेट्रोलसाठी टाकीतला फ्लोट, टेम्परेचरसाठी इंजिनवरचा सेन्सर, जुन्या बाइकच्या स्पीडसाठी चाकाकडून येणारी केबल तपासायला सांगा. सगळेच काटे एकदम झोपले? मग आधी फ्यूज, अर्थिंग आणि मीटरमागचा कनेक्टर. माझ्या गाडीत नुसता फ्लोट अडकला होता. टेम्परेचरचा काटा बंद असेल, तर मात्र गाडी रेटू नका. इंजिन तापून बसलं, तर मीटरचा खर्च स्वस्त वाटेल.

मीटर बदलावाच लागला, तर किलोमीटरचा आकडा सांभाळा. बऱ्याच डिजिटल मीटरमध्ये तो आतल्या चिपमध्ये असतो. नवा मीटर शून्यापासूनही सुरू होऊ शकतो. म्हणून जुना काढण्याआधी आकड्याचा फोटो घ्या. बिलावर जुनं रीडिंग, नवं रीडिंग आणि तारीख लिहून घ्या, आणि ते बिल गाडीच्या कागदांसोबत ठेवा.

नाहीतर उद्या गाडी विकायला काढाल, तेव्हा गिऱ्हाईक डोळे बारीक करून म्हणेल, 'मीटर फिरवलाय ना?' तेव्हा शपथा कामाला येत नाहीत, बिल येतं!