क्लिपमध्ये न मावलेला बॉक्सर

आपल्या होस्टेलवर बॉक्सिंग बघणारी मंडळी फार नाहीत, पण जी आहेत ती कट्टर आहेत. या कट्टर मंडळींना विक दार्चिन्यान हे नाव एकाच कारणासाठी ठाऊक असतं. डोनेअरचा डावा हुक खाऊन उताणा पडलेला तो माणूस! 'जबरदस्त नॉकआउट' छापाचा कुठलाही व्हिडिओ लावा, त्यात तो पडणार म्हणजे पडणारच. मग कुणीतरी म्हणतं, "लई माज होता बेट्याला, उतरला!" आणि पुढची क्लिप सुरू होते.

मित्रांनो, मला हे पटत नाही. तो पडला ते खरं आहे, त्याला माज होता तेही खरं आहे. पण ज्या माणसाच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा विजय त्या पडण्यानंतरचा आहे, त्याला त्या पाच सेकंदांत कोंडून टाकणं हा शुद्ध आळशीपणा आहे. या लेखात मी त्याची वकिली करणार आहे. वकील थोडा पक्षपाती आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दार्चिन्यानचं खरं नाव वाख्तांग. जन्म 1976 चा, आर्मेनियातल्या वानाद्झोर या गावचा. तेव्हा आर्मेनिया सोव्हिएत संघात होता आणि गावाचं नाव होतं किरोवाकान. डिसेंबर 1988 मध्ये त्या भागात भयंकर भूकंप झाला, पंचवीस हजारांवर माणसं गेली. तेव्हा हा पोरगा तेरा वर्षांचाही नव्हता. तीन वर्षांनी देश स्वतंत्र झाला, पण सोबत शेजारच्या अझरबैजानशी युद्ध आणि नाकेबंदी आली. ऐन हिवाळ्यात दिवसाला तास-दोन तास वीज, अशी अवस्था काही वर्षं होती. आपल्याकडे परीक्षेच्या काळात दोन तास लाइट गेली तर रेक्टरच्या नावाने शंख होतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

अशा देशातून तो 2000 साली सिडनी ऑलिंपिकला गेला आणि उपांत्यपूर्व फेरीत युक्रेनच्या सिदोरेंकोकडून हरला. ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं, म्हणजे पदक फक्त एका लढतीवर होतं. हरल्यावर तो परत गेला नाही. व्यावसायिक बॉक्सिंग करायचं तर आर्मेनियात राहून भागणार नव्हतं. येरेवानचा आर्थर अब्राहम जर्मनीत नाव काढत होता, तसा हा ऑस्ट्रेलियात राहिला. तीन वजनगटांत विश्वविजेता झालेला जेफ फेनेक त्याला गुरू म्हणून मिळाला.

दार्चिन्यानचा वजनगट फ्लायवेट. मर्यादा 112 पौंड, म्हणजे पन्नास किलो आणि वर थोडंसं. मेसचं जेवून आपल्यातले कित्येक जण एवढ्याच वजनाचे आहेत, पण या गड्याच्या डाव्या हातात जे होतं ते मेसच्या वरणातून येत नाही! डावखुरा, हात खाली सोडलेले, कंबरेतून मागे झुकून उभा राहायचा आणि अचानक झेप घेऊन डावा ठोसा हाणायचा. बघायला बेढब, आणि कोचिंगच्या पुस्तकात 'असं करू नये' या सदरात बसणारं सगळं तो करायचा. पण लोक पडायचे. डिसेंबर 2004 मध्ये त्याने कोलंबियाच्या इरेने पाचेकोला अकराव्या फेरीत थांबवून आयबीएफचा विश्वविजेतेपदाचा पट्टा घेतला. पाचेको तोवर एकही लढत हरला नव्हता.

इथून तो जे बोलायला लागला ते मात्र मलाही आवडत नाही. प्रतिस्पर्ध्याला झोपवणार, संपवणार, हीच भाषा. आणि आता वकिलाला सर्वांत अडचणीचा भाग. मार्च 2007 मध्ये कॅलिफोर्नियात त्याची लढत मेक्सिकोच्या व्हिक्टर बुर्गोसशी झाली. बाराव्या फेरीत ती थांबवली गेली. त्यानंतर बुर्गोसच्या मेंदूत रक्ताची गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, तो कोमात होता. जीव वाचला, पण कारकीर्द तिथेच संपली. यात दार्चिन्यानने नियम मोडला नव्हता, लढत वेळेत थांबवणं त्याचं काम नव्हतं. तरीपण आपण ज्याला 'काय मारलं राव' म्हणतो ते समोरच्या माणसाच्या डोक्यात काय करतं, हे त्या रात्री उघडं पडलं. बॉक्सिंगचा चाहता म्हणून माझ्याकडे याचं उत्तर नाही. तरी मी बॉक्सिंग बघतो.

चार महिन्यांनी, 7 जुलै 2007 ला, डोनेअर. याला पूर्वपीठिका होती. नोनितो डोनेअरच्या थोरल्या भावाला, ग्लेनला, दार्चिन्यानने 2006 मध्ये हरवलं होतं. धाकटा हिशोब चुकवायला आला होता, पण तो जिंकेल असं फार थोड्यांना वाटत होतं. पाचव्या फेरीत दार्चिन्यानने नेहमीची झेप घेतली आणि त्याच क्षणी डोनेअरचा डावा हुक हनुवटीवर बसला. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला सापेक्ष वेग आठवा : एक पुढे येतोय, दुसऱ्याची मूठ समोरून येतेय, दोन्हींची बेरीज. दार्चिन्यान उठला, पण पाय त्याचे राहिले नव्हते, तोल जाऊन दोरांकडे कलंडला. अठ्ठावीस लढती अपराजित असलेला माणूस संपला. 'द रिंग' मासिकाने त्या वर्षीचा सर्वोत्तम नॉकआउट म्हणून हाच निवडला.

आपली क्लिप इथे संपते. माझा मुद्दा इथे सुरू होतो.

पुढचं बघा. फेब्रुवारी 2008 मध्ये वरच्या वजनात, फिलिपिन्समध्ये, झी गोरेसशी लढत. तिथेही तो एकदा खाली गेला, लढत बरोबरीत सुटली. म्हणजे एक हार, मग एक बरोबरी, वय बत्तीस. लहान वजनगटांत बत्तीस म्हणजे उतरती कळा. लोकांनी त्याला निकालात काढलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही. पण ऑगस्टमध्ये त्याने रशियाच्या किरिलोव्हला पाचव्या फेरीत झोपवून 115 पौंडांतला आयबीएफ पट्टा घेतला. आणि 1 नोव्हेंबर 2008 ला समोर होता ख्रिस्तियान मिहारेस. मेक्सिकोचा, डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसी असे दोन पट्टे असलेला, अतिशय चतुर बॉक्सर. जाणकारांचा कौल मिहारेसकडे होता. पहिल्याच फेरीत दार्चिन्यानच्या डाव्या अपरकटने मिहारेस खाली गेला आणि नवव्या फेरीत खेळ खलास. तीन पट्टे एका कंबरेला, आणि 115 पौंडांत हे तिन्ही एकत्र करणारा हा पहिलाच. डोनेअरकडून हरल्याला सोळा महिनेही झाले नव्हते.

माझ्या मते आपल्या मंडळींनी ही लढत पूर्ण बघावी. तोच बेढब माणूस, तीच मागे झुकायची सवय, पण झेपा मोजून घेतलेल्या. आधी उजव्या जॅबने अंतर मोजतो, मग डावा सोडतो. म्हणजे 'पडला आणि काही शिकला नाही' हे जे त्याच्याबद्दल ठोकून दिलं जातं, ते निदान या रात्रीपुरतं खोटं आहे. तीन महिन्यांनी त्याने होर्हे आर्सेला अकरा फेऱ्यांत इतकं फोडलं की डॉक्टरने आर्सेला बाराव्या फेरीसाठी उठूच दिलं नाही.

मग पुन्हा घसरण. 2009 मध्ये 118 पौंडांत घानाच्या जोसेफ अगबेकोकडून हरला, पुढे मारेस, मोरेनो, यामानाका. सगळे अंगाने मोठे आणि बहुतेक वयाने लहान. नोव्हेंबर 2013 मध्ये डोनेअर परत समोर आला, या वेळी 126 पौंडांत. मधल्या काळात डोनेअर जगातला नावाजलेला बॉक्सर झाला होता. आठ फेऱ्यांनंतर गुणांवर पुढे कोण होता? सदतीस वर्षांचा दार्चिन्यान! नवव्या फेरीत पुन्हा डोनेअरच्या डाव्या हाताने घात केला, हेही सांगायला हवं. पण 'माज उतरला' म्हणणाऱ्यांनी या आठ फेऱ्यांचं काय करायचं ते ठरवावं.

त्याने आणखी आधी थांबायला हवं होतं असं मला वाटतं. 2014 मध्ये मकाऊला निकोलस वॉल्टर्सने त्याला पाचव्या फेरीत झोपवलं, ते बघवत नाही. त्यानंतरही तो लढला. एकूण हिशोब : 53 लढती, 43 विजय, त्यातले 32 नॉकआउट, 9 पराभव, 1 बरोबरी. नऊपैकी आठ पराभव 2009 पासूनच्या खात्यावर आहेत, आणि त्यातले बरेचसे अशा वजनातले, जिथे जायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मिहारेसची लढत माझ्याकडे पेन ड्राइव्हवर आहे. रविवारी मेस बंद असते त्या संध्याकाळी कॉमन रूम मिळाली तर लावतो. पहिली फेरी चुकवू नका.