एम.एस्सी. झाल्यावर पुढे काय?

परीक्षांचे निकाल लागले की आमच्या बडोद्यातील मराठी घरांत एकच विषय चघळला जातो. मुलगी रसायनशास्त्राची एम.एस्सी. झालेली, एका हाती नंदेसरी वा दहेजच्या कारखान्याचे नेमणूकपत्र, दुसऱ्या हाती संशोधन-छात्रवृत्तीच्या परीक्षेचा निकाल. आजोबांस नावाआधी ‘डॉक्टर’ हवे असते, वडिलांस पहिल्या तारखेचा पगार.

प्रयोगशाळा आणि कारखाना यांत एवढे वैर असावे, असे या नगरीस पूर्वी वाटत नसे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कलाभवनातील (स्थापना १८९०) प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्याच खटपटीतून १९०७ साली अलेम्बिक उभी राहिली. आजही कारखान्याच्या उत्पादन विभागास पीएच.डी.ची सहसा गरज नसते. संशोधन विभागातील वरच्या जागा मात्र तिच्यावाचून क्वचितच मिळतात. तेव्हा कारखान्यात जावे की नाही, यापेक्षा कारखान्यात कोठे जावे, हे आधी ठरवावे.

पैशाचा हिशेबही उघड मांडावा. जे.आर.एफ. मिळाल्यास २०२३ च्या जानेवारीपासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात. छात्रवृत्ती नसताना केवळ वडिलांच्या निवृत्तिवेतनावर हा पल्ला गाठू पाहणे आम्हांस पसंत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला तीन ते सहा वर्षे लागू शकतात. केवळ प्राध्यापकीसाठी पीएच.डी. करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदास ती अनिवार्य नाही. नेट वा सेट उत्तीर्ण असल्यास किमान पात्रता पूर्ण होते. ज्यांचे मन दोलायमान आहे त्यांनी खुशाल नोकरी धरावी. मालकाच्या ना-हरकत पत्रावर अर्धवेळ पीएच.डी. करण्याची सोय त्याच नियमांत आहे, जरी पाळी करून आल्यावर प्रबंध लिहिणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

मुलींविषयी मात्र स्पष्टच लिहितो. “लग्न ठरेपर्यंत करू दे पीएच.डी.,” हे वाक्य आम्ही सुशिक्षित घरांत फार वेळा ऐकले आहे. संशोधन म्हणजे जणू स्टेशनावरचे प्रतीक्षालय! आमच्या परिचयातील एक कन्या तिसऱ्या वर्षी लग्न होऊन इंदूरला गेली. तिच्या निरीक्षणांच्या चार वह्या माहेरच्या माळ्यावर आजही बांधून ठेवलेल्या आहेत. विवाहामुळे गाव बदलणाऱ्या विद्यार्थिनीस आपले संशोधन काही अटींवर दुसऱ्या विद्यापीठात नेता येते, हे दोन्हींपैकी एकाही घरी कोणी विचारले नव्हते. स्त्रियांस दोन वर्षांची अधिक मुदत आहे, २४० दिवसांपर्यंत प्रसूतिरजा आहे. वराकडील मंडळींशी बोलणी करताना मानपानाआधी हा विषय निघावयास हवा, आणि तो आईवडिलांनीच काढावा.

राहता राहिले मार्गदर्शक. नावनोंदणीपूर्वी त्यांच्या प्रयोगशाळेतील जुन्या विद्यार्थ्यांस गाठावे, चहा पाजावा आणि विचारावे : येथून आजवर किती जण प्रबंध सादर करून बाहेर पडले, आणि कितव्या वर्षी?