मिरची कुणाच्या भरवशावर?

बाजारची पिशवी (साप्ताहिक सदर)

एप्रिल-मे उजाडला की लालबागच्या मसाला गल्लीत नंबर लावून उभं राहायचं, हा आम्हा परळकरांचा वार्षिक नेम. नाकाला रुमाल, डोळ्यांत पाणी आणि हातात आईच्या अक्षरातली, कडा झिजलेली यादी: बेडगी इतकी, संकेश्वरी इतकी, धणे इतके. गेल्या शनिवारी माझ्या पुढे एक तरुण मुलगी होती. तिनं बेडगीची एक मिरची उचलली, वास घेतला आणि विचारलं, "दादा, ही ऑर्गॅनिक आहे का?"

दुकानदारानं काट्यावरची नजर काढली नाही. "मॅडम, मिरची आहे. रंग पाहिजे का तिखट, तेवढं सांगा."

रांग हसली. मीही हसले. पुढे कांडपासमोर शिंका देत उभी राहिले तेव्हा मात्र हसल्याची लाज वाटली. त्या रांगेत मुद्द्याचं तिनं एकटीनंच विचारलं होतं.

कारण आम्ही बाकीच्या बायका तिथे करतो काय? पहारा. देठ खुडून झाले का, मिरची करपवली तर नाही, आपल्या घाण्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा चुरा तर आला नाही. मसाला डब्यात पडेपर्यंत नजर हलत नाही. घरी येऊन छातीठोकपणे सांगतो, "समोर उभं राहून कुटून आणलाय." खरंच आहे ते. पण आपण पाहिले ते मिरचीच्या आयुष्यातले शेवटचे दोन तास. त्याआधीचे पाच-सहा महिने ती शेतात होती, आणि मिरचीचं पीक म्हणजे फुलकिडे आणि कोळ्यांचं माहेरघर. पानं आकसून चुरडा-मुरडा झाला की शेतकरी पंप पाठीला लावतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ती फवारणी मिरचीच्या अंगावर दिसत नाही. वासाला येत नाही आणि जिभेला तर मुळीच कळत नाही. चांगली भेंडी मोडून बघता येते, नारळ हलवून बघता येतो. सेंद्रियपणाला अशी कुठलीच परीक्षा गिऱ्हाइकाच्या हातात नाही.

त्या न पाहिलेल्या महिन्यांची साक्ष द्यायला लेबल असतं.

आपल्याकडे अधिकृत साक्षीदार दोन. पहिला 2001 पासूनचा, केंद्राच्या वाणिज्य खात्याचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. त्याचा कारभार अपेडाकडे, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या संस्थेकडे. यावरूनच कळावं की हे लेबल मुळात परदेशी गिऱ्हाइकासाठी जन्माला आलं. यात मान्यताप्राप्त संस्थेचा निरीक्षक शेतावर येतो, वह्या तपासतो, फी घेतो. हंगामी पिकासाठी दोन वर्षं आणि फळबागेसाठी तीन वर्षं रसायन बंद ठेवल्याशिवाय सेंद्रिय म्हणता येत नाही. दुसरा साक्षीदार कृषी खात्याचा, पीजीएस नावाचा. त्यात गावातले शेतकरीच गट करून एकमेकांची शेतं तपासतात. स्वस्त, सोपा, आणि खरं सांगायचं तर मला जास्त पटणारा. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यापासून युरियाचं पोतं लपवणं हे वर्षातून एकदा येणाऱ्या साहेबापासून लपवण्यापेक्षा अवघड. अर्थात शेजारी शेजाऱ्याला सांभाळून घेतो, हेही आपल्याला चाळीत राहून ठाऊक आहे. या दोन्ही साक्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2017 च्या नियमांत मान्य केल्या आणि 'जैविक भारत' ही हिरवी खूण आली.

आता गोम अशी की ही साक्ष पद्धतीची आहे, पाकिटातल्या तुरीच्या दाण्याची नाही. शेत कसं केलं हे ती सांगते. शेजारच्या वावरातून वाऱ्यावर काय उडत आलं, गोदामात काय फवारलं, हे तिच्या हाताबाहेरचं. आणि साक्षीदारही फुटतात. युरोपात 2020 मध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड हे धुरीचं रसायन सापडलं, त्यात सेंद्रिय म्हणून गेलेला तीळही होता. पुढे युरोपीय संघानं इथल्या काही प्रमाणन संस्थांची मान्यताच काढली. अमेरिकेनं जानेवारी 2021 मध्ये भारताच्या यंत्रणेशी असलेला मान्यतेचा करार संपवला. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाच्या दारात पोतं उघडून, नमुना काढून, प्रयोगशाळेत पाठवणारा कोणी तरी बसलेला आहे. माझ्या दारात तसं कोणी बसलेलं मला अजून भेटलेलं नाही.

दादरला एका चकचकीत दुकानात मी परवा पारदर्शक पिशवीतली तूरडाळ उचलली. वर छापील चिकटपट्टी: '100 टक्के ऑर्गॅनिक'. प्रमाणपत्राचा क्रमांक नाही, संस्थेचं नाव नाही, गटाचं नाव नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं.

"ताई, आमचे शेठ स्वतः जाऊन आणतात."

"कुठून?"

"गावाहून."

"कुठलं गाव?"

मुलगा शेठच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसला. डाळीचा भाव बाहेरच्या दुप्पट होता, तो मात्र त्याला तोंडपाठ.

इथे कायद्यातली एक बारीक गोष्ट सांगायला हवी. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान शेतकरी आपला माल थेट खाणाऱ्याला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. फक्त ती हिरवी खूण त्यानं वापरायची नाही. ही सवलत त्याच्यासाठी आहे, त्याच्याकडून घेऊन दादरला फळीवर मांडणाऱ्या शेठसाठी नव्हे. म्हणून खूण नसलेली टोपली प्रामाणिक असू शकते आणि गुळगुळीत पिशवी लबाड. पावसाळ्यात दादर स्टेशनाबाहेर शेवळं, टाकळा, कंटोळी घेऊन बसणाऱ्या मावशीला मी एकदा मूर्खासारखं विचारलं होतं, "फवारणीची नाहीत ना?" तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "डोंगराव कोण मारील गं फवारा?" गंमत म्हणजे रानातून गोळा केलेल्या मालालाही सेंद्रिय प्रमाणपत्र देण्याची नियमांत सोय आहे. मावशीला ते सांगण्याचं धाडस झालं नाही.

लेबलाचं हे असं म्हटलं की कोणी तरी हमखास म्हणतं, "त्यापेक्षा घरीच पिकवा." ऐकायला गोड. गिरगावातल्या नावांत तर अख्खं शेतच आहे: फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, आणि मुगभाट म्हणजे मुगाचं शेत. आता त्या वाड्यांत फणस शोधायचा तर भाजीवाल्याकडेच. मुंबईत पिकवलेलं म्हणजे शुद्ध, हेही खरं नाही. लोकलच्या खिडकीतून दिसणारा तो हिरवागार पालक आठवा. रुळांलगतची जागा रेल्वेनं आपल्या कर्मचाऱ्यांना 'ग्रो मोअर फूड' योजनेत भाजीसाठी दिली आणि त्या पालकाला पाणी कुठलं, तर शेजारच्या नाल्याचं. पिकवणारा डोळ्यांसमोर होता, पाणीही डोळ्यांसमोर होतं, तरी आपण जुड्या घेतच होतो.

नीट केलेलं उदाहरणही मुंबईतच आहे. पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातलाच ओला कचरा जिरवून भाज्या आणि फळझाडं उभी केली, आणि पुढे 'अर्बन लीव्ह्ज' या नावानं गच्चीवरची शेती इतरांना शिकवली. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचा टाकाऊतून पिकवण्याचा विचार तिथे शहरात उतरला. पण हजारो माणसांचं जेवण रांधणारं स्वयंपाकघर गच्चीच्या भाजीवर चालणारं नव्हतं. ती गच्ची कचऱ्याचं सोनं करत होती, हाच तिचा मोठेपणा.

आणि माझी गॅलरी? कठड्याला तीन कुंड्या: मिरची, कढीपत्ता, गवती चहा. सुरुवातच लेबलापासून झाली, कारण मातीबरोबर आणलेल्या खताच्या पोत्यावरही 'शुद्ध सेंद्रिय' लिहिलं होतं आणि ते मी निमूटपणे मानलं. मिरचीला फुलं आली. मग एका सकाळी शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला: पिठ्या ढेकूण. साबणाचं पाणी मारलं. निंबोळी तेल मारलं. कापूस हलेना, पानं चिकट झाली, मुंग्यांची रांग लागली. नवव्या दिवशी रात्री अकरा वाजता मी ओट्याखालचा झुरळांचा स्प्रे काढला आणि मिरचीच्या शेंड्यावर धरला. दोनच फूस. कोणी बघत नव्हतं.

निरीक्षक आला असता तर माझी कुंडी पुन्हा दोन वर्षं मागे गेली असती. माझं पणाला काय लागलं होतं? त्या झाडाच्या सबंध हंगामात मोजून 41 मिरच्या निघाल्या. ज्याच्या दोन एकरांवर सोसायटीचं कर्ज आहे, तो नवव्या दिवसापर्यंत तरी कशाला थांबेल?

म्हणून सेंद्रिय मालाला मी जादा पैसे देते ते 'माझ्या पोटात विष नको' एवढ्यासाठी देत नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. आपण पाकीट उलटून बघतो तेव्हा तो पंप पाठीवर घेणारा माणूस त्यावर कुठेच छापलेला नसतो. खरं सेंद्रिय लेबल असेल तर तो माणूस त्या विषातून वाचलेला असतो. माझ्या दृष्टीनं त्याची किंमत हीच. डाळ, तांदूळ, गूळ घेताना मी आता हिरवी खूण आणि शेजारचा प्रमाणपत्राचा किंवा गटाचा क्रमांक दोन्ही बघते. क्रमांक नसेल तर पिशवी फळीवर परत. पाटीवर खडूनं 'ऑर्गॅनिक' लिहिलेल्या कोथिंबिरीला कोथिंबिरीचाच भाव. आणि मसाला लालबागचाच, पण पुढच्या वर्षी मिरची क्रमांकाची आणून नुसती कुटून घ्यायचा विचार आहे. दुकानदार काय म्हणेल ते आत्ताच ऐकू येतंय.

परवा शेजारच्या काकू गॅलरीतून वाकून म्हणाल्या, "अगं, फोडणीला दोन मिरच्या देतेस? घरच्या आहेत, म्हणजे धुवायचीही भानगड नाही."

मी देठासकट दोन खुडल्या आणि त्यांच्या हातावर ठेवल्या.

"धुवून घ्या, काकू."