भीष्मप्रतिज्ञा आणि यादवी

एखाद्याच्या निर्धाराचे कौतुक करायचे असले की आपण त्याच्या ‘भीष्मप्रतिज्ञे’चा उल्लेख करतो, आणि एकाच घरातली माणसे एकमेकांच्या जिवावर उठली की ‘यादवी माजली’ म्हणतो. पहिला शब्द महाभारताच्या आदिपर्वातला, दुसरा मौसलपर्वातला. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत काय घडले, हेच महाभारत. आपल्या वाचनाने मात्र पहिला शब्द गौरवाचा करून ठेवला आणि दुसऱ्याची कथा विस्मरणात ढकलली, असा माझा आरोप आहे.

हा आरोप आज करण्याचे कारण वर्गात बसलेले आहे. साहित्याचे अनेक विद्यार्थी इंग्रजीतल्या अद्भुत महाकादंबऱ्या आवडीने वाचतात. टॉल्किनच्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये (१९७७) फेआनोर आणि त्याचे सात पुत्र एका शपथेत अडकून नाश पावतात, ब्रँडन सँडरसनच्या ‘द वे ऑफ किंग्ज’पासून (२०१०) सुरू झालेल्या मालिकेत योद्ध्यांनी शपथा मोडलेल्या आहेत आणि ‘ऑनर’ नावाचा देव मेलेला आहे. यावर शिक्षकांच्या प्रतिक्रिया दोनच. काही जण ‘पोरखेळ’ म्हणून हात झटकतात. उरलेले ‘हे सगळे आमच्या महाभारतात आधीच आहे’ असे सांगून मिशीला पीळ देतात. पहिल्यांनी त्या कादंबऱ्या वाचलेल्या नसतात. दुसऱ्यांनी बहुधा महाभारत वाचलेले नसते.

कारण महाभारतात ‘हेच’ नाही. त्याहून अवघड काही आहे. सँडरसनच्या जगात शपथ हे सामर्थ्याचे मूळ आहे. ती पाळली की बळ मिळते, मोडली की बळ जाते. व्यासांच्या जगात देवव्रत आपली शपथ अखेरपर्यंत पाळतो आणि तिची किंमत अंबा, अंबिका, अंबालिका मोजतात. शेवटी कुळच उरत नाही. उलट, शस्त्र न धरण्याचे वचन देऊन रथावर बसलेला कृष्ण भीष्मपर्वात दोनदा खाली उडी घेतो: तिसऱ्या दिवशी चक्र घेऊन, नवव्या दिवशी हातातल्या चाबकानिशी. अर्जुन पाय धरून त्याला थोपवतो आणि दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो. कर्णपर्वात तर वाद उघडच होतो. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचा वध करीन, ही अर्जुनाची शपथ. आणि ते म्हणणारा निघतो युधिष्ठिर. तलवार उपसलेल्या अर्जुनाला कृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो: सत्य बोलण्याचे व्रत पाळले, दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा सांगितला आणि नरकात गेला. शपथ पाळणे हा धर्म आहे की केवळ हट्ट, हा प्रश्न इतक्या निर्दयपणे विचारणारे ग्रंथ थोडे.

यावर भाविक उत्तर ठरलेले आहे: देवाने भक्ताची प्रतिज्ञा राखण्यासाठी स्वतःची मोडली. भक्तिपरंपरेतली ही कल्पना गोड आहे, पण व्यासांच्या प्रसंगात कृष्ण उडी घेतो ती अर्जुनाच्या मवाळ लढण्यावर संतापून. त्या संतापाला ‘लीला’ म्हटले की प्रश्न संपतो आणि वाचनही संपते.

मग या देवाचे काय होते? स्त्रीपर्वात गांधारी शाप देते आणि तो हसून स्वीकारतो. छत्तिसाव्या वर्षी प्रभासक्षेत्री यादव एरका गवत उपटून एकमेकांना ठार करतात; जरा नावाच्या पारध्याचा बाण कृष्णाच्या तळपायात रुततो; द्वारका समुद्रात जाते. अर्जुनाला अस्त्रे आठवत नाहीत आणि आभीर त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रियांना पळवून नेतात. देव मेल्यावर मागे उरलेल्या माणसाची अवस्था याहून नेमकी कोणत्या अद्भुत कादंबरीत आली आहे?

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी मराठीत दोन पुस्तके आली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये भीष्माच्या त्यागाचा हिशेब मागितला आणि शीर्षकातच शेवट ठेवला. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने कर्णाची कैफियत मांडली. लोकप्रियतेत कैफियत जिंकली. १९७३ मध्ये रणजित देसाईंचा ‘राधेय’ आला. त्या कादंबऱ्यांचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. पण त्यांनी महाभारताचे न्यायालय केले आणि वाचकाला वकील. अशिलाचा निकाल कुरुक्षेत्रावर लागला की वकिलाला मौसलपर्वाशी काय कर्तव्य?

ही सवय केवळ कादंबरीची नाही. भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीला चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर तो फेडला, म्हणून आजचे देऊळ उभे राहिले असे सांगतात. नवसात देव आणि माणूस दोघेही शब्दाला जागतात. हिशेब पुरा होतो. भिवंडीच्याच पद्मनगरात तेलुगू पद्मशाली विणकरांची वस्ती आहे. हा समाज आपले मूळ मार्कंडेय ऋषींशी जोडतो. शिवाच्या कृपेने यमाच्या पाशातून सुटलेला मार्कंडेय सर्वांना माहीत असतो. वनपर्वातला मार्कंडेय, सारे जग बुडाल्यावर अथांग पाण्यात एकटा भटकणारा, कोणाला आठवतो? नवसाला पावणारा देव माणसाला हवाच असतो. यंत्रमागांच्या गावात जगण्यासाठी तर अधिकच हवा. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या अध्यापकांबद्दल आहे, जे नवसाच्याच हिशेबाने महाकाव्य शिकवतात.

परिणाम स्पष्ट दिसतो. शब्द पाळण्याने कोणाचा बळी जातो आणि शब्द मोडण्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न मराठी विद्यार्थ्याला परभाषेत प्रथम भेटतात. त्यात त्या परभाषेचा दोष नाही. सँडरसन खुशाल वाचू द्यावा. त्याच्या शेजारी कर्णपर्वातला कौशिक आणि अवघे मौसलपर्व ठेवावे, आणि ‘भीष्मप्रतिज्ञा’ हा शब्द स्तुतीसाठी वापरण्यापूर्वी एकदा अंबेला विचारावे.