यंत्रमानव भारी कीं चांचा ?

दिवाळीच्या सुटींत आमचीं नातवंडें पुण्याहून शेलूबाजारास आलीं आणि दोन दिवसांत आमच्या ओसरीची वादसभा झाली. चौदा वर्षांच्या नातवाचा पक्ष असा कीं यंत्रमानव भारी. दहा वर्षांच्या नातीचा असा कीं चांचे भारी. सभापति अर्थात् आम्ही. ‘भारी’ हा शब्द आमच्या लहानपणीं कापसाच्या गाठोड्यास नाहीं तर शालूस लावीत असत. आतां तो कोणत्याहि आवडत्या वस्तूस लागतो. त्याची शुद्धाशुद्धता पाहण्याचें काम आम्हीं पुढें ढकललें आणि सभेस आरंभ केला.

समुद्र येथून शेकडों मैल दूर. नातीनें तो एकदांच, अलिबागेस, पाहिला आहे. तेवढ्या भांडवलावर ती उभी राहिली. “आबा, चांचा कोणाचें ऐकत नाहीं. त्याला स्वतःचें जहाज असतें, झेंडा असतो. आपल्याकडेहि होते ना चांचे, कान्होजी आंग्रे !”

येथें सभापतींचा तोल गेला. आंग्रे चांचे हें कोणीं ठरविलें ? कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल, आरमाराचे अधिपति. कोंकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनीं त्यांचें दस्तक घ्यावें, न घेतल्यास गलबत जप्त, असा त्यांचा नियम. आतां गंमत पाहा. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नांवाचा असाच परवाना आपल्या व्यापाऱ्यांच्या गळ्यांत बांधीत आले होते. त्यांनीं मागितला तर तो कायदा, आणि कान्होजींनीं मागितला तर ती चांचेगिरी ! १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. ज्याला जिंकतां येत नाहीं त्याला नांवें ठेवणें सोपें असतें. १७२९ सालीं कान्होजी वारले तोंपर्यंत त्यांस हटविणें कोणास साधलें नाहीं.

खरे चांचे पाहावयाचे असतील तर ते विलायतेहून आले. हेन्री एव्हरी ह्यानें १६९५ सालीं मक्केहून सुरतेस परतणारें औरंगजेबाचें ‘गंज-इ-सवाई’ हें जहाज लुटलें. तो कधींच सांपडला नाहीं. कॅप्टन किड तर चांचे पकडण्याची सनद घेऊन निघाला होता. त्यानेंच १६९८ सालीं आमच्या समुद्रांत जहाज लुटलें, आणि १७०१ सालीं लंडनमध्यें तो फांसावर गेला.

एक गोष्ट मात्र मुलांस सांगतांना आमचा आवाज खालीं आला. कान्होजींचे पुत्र तुळाजी ह्यांच्याविरुद्ध नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांशीं हातमिळवणी केली, आणि १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या बंदरांत आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या दिवाणखान्यांत पेशव्यांचीं चित्रें असतील. आमच्याहि आहेत. पण त्या फेब्रुवारीविषयीं बोलतांना आम्हांस त्या भिंतीकडे पाहवत नाहीं.

नातू ह्या सर्व वेळीं हंसत होता. “म्हणजे हिचे चांचे एक तर चांचेच नव्हते, नाहीं तर फांसावर गेले. यंत्रमानव लुटत नाहीं, थकत नाहीं, खोटें बोलत नाहीं.” त्यानें ‘व्योममित्र’ हिचा दाखला दिला. इस्रोनें ही स्त्रीरूप यंत्रप्रतिमा २०२० च्या जानेवारींत बंगळूर येथें लोकांपुढें आणली ती ह्याचसाठीं, कीं माणसाचा जीव धोक्यांत घालण्यापूर्वीं तिनें अंतराळांत जाऊन यावें. मुद्दा बिनतोड होता.

पण व्युत्पत्ति शोधण्याची आमची जुनी खोड जाते कुठें ? ‘रोबोट’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक ह्याच्या १९२० सालच्या नाटकानें रूढ केला; सुचविला त्याचा भाऊ योसेफ ह्यानें. त्या भाषेंत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. तेव्हां रोबोट म्हणजे आपला वेठबिगार. नातू किंचित् हिरमुसला. नाटकांत ते वेठबिगार अखेर मालकांवर उठतात, असें आम्हीं सांगतांच नात ओरडली, “म्हणजे ते चांचेच झाले !”

मग आम्हीं कथासरित्सागर काढला. सोमदेवानें तो अकराव्या शतकांत काश्मीरांत लिहिला. मूळ बृहत्कथा गुणाढ्याची. गुणाढ्याच्या मामांचीं नांवें वत्स आणि गुल्मक, आणि आपल्या वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. तेव्हां कथा आपल्या आजोळचीच, असें म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. कांचीनगरींत प्राणधर व राज्यधर हे दोघे सुतार बंधु होते. थोरल्यानें व्यसनापायीं घर धुऊन काढलें आणि मग यंत्राचे दोन हंस केले. रात्रीं दोरीच्या योगानें ते राजाच्या कोषागारांत गवाक्षांतून शिरत आणि चोंचींत रत्नें घेऊन परत येत. चोरी उघडकीस आली तेव्हां दोघे भाऊ यंत्ररथांतून पळाले.

“हंसांचा काय दोष ?” नातू म्हणाला. “दोरी ज्याच्या हातांत, तो चोर.”

“पण राजाला दिसले हंसच ना !” नात म्हणाली.

ह्या एका वाक्यानें आम्ही गप्प झालों. गेल्या आषाढांत आम्हांस दूरध्वनि आला होता. स्त्रीचा मधुर स्वर, शुद्ध हिंदी, एकहि उच्चार चुकला नाहीं. आमचें खातें बंद होणार असून एकाचा अंक दाबावा, अशी सूचना. तो स्वर यंत्राचा आहे हें आम्हांस कळलें होतें, आणि यंत्र कशास खोटें बोलेल, असें अगदीं ह्या नातवासारखेंच वाटलें. अंक दाबतांच एक गृहस्थ बोलूं लागले. त्यांनीं मागितलेला सहा आंकडी क्रमांक आम्हीं शिक्षकी पेशास अनुसरून स्पष्टोच्चारानें, दोनदां, सांगितला. असल्या प्रसंगीं १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावयाचें असतें, हें आम्हांस ठाऊक होतें. लाजेनें आम्हीं कळविलें नाहीं. घरांतहि कोणास सांगितलें नाहीं.

तें त्या दिवशीं मुलांस सांगितलें. समुद्र शेकडों मैलांवर राहिला, आणि हंस आमच्या उशाशीं ठेवलेल्या यंत्रांतून येऊन गेला. दोघेंहि वाद विसरून आमच्याकडे पाहूं लागलीं. नातवानें हळूच विचारलें, “आबा, किती गेले ?”

“अठरा हजार,” आम्ही म्हणालों.

स्वयंपाकघरांत चकल्या तळण्याचा आवाज येत होता. शेगडी बंद झाली.

“अहो, किती म्हणालांत ?”