विजापूरचे दोन दिवस

या सदरात आम्ही बहुतेक वेळा मुलांचा अभ्यास, घरखर्च, सासू-सुना यांवर लिहितो. या महिन्यात आमच्याच एका चुकीबद्दल लिहीत आहोत. चूक मोठी नव्हती, पण तशी ती पुष्कळ घरांत होत असणार, म्हणून सांगावीशी वाटली.

आम्ही चौघी डी.एड.ला सोलापुरात एका खोलीत राहिलो. आज एक मिरजेला, एक लातूरला, एक सोलापुरातच, आणि चौथीच्या हातात हे सदर. नावांऐवजी आम्ही एकमेकींना अजूनही मिरजवाली, लातूरवाली, सोलापूरवाली असेच म्हणतो. सोलापूरवालीचे मिस्टर दीड वर्षापूर्वी अल्लाहला प्यारे झाले. टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस होते. छातीत दुखले, दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले. तिने चार महिने दहा दिवसांची इद्दत पूर्ण केली, पण त्यानंतरही ती शाळा आणि घर याशिवाय कुठे गेली नाही. लग्नाला बोलावले तर मुलीला पाठवायची. फोन केला तर ‘बरं आहे’ एवढेच.

आम्ही तिघींनी ठरवले, हिला दोन दिवस बाहेर काढायचे. विचारले तर नाही म्हणेल, म्हणून विचारायचेच नाही. विजापूर सोलापूरपासून शंभरेक किलोमीटर, गाडीने दोन तास. मिरजवालीचे पती आणि मुलगा सोबत येणार, गाडी मुलगा चालवणार. तिच्या मुलीला विश्वासात घेतले. तिने अम्मीची बॅग गुपचूप भरून ठेवली. तिच्या सासूबाईंची परवानगी मात्र आम्ही आधी घेतली. त्यांनी फोनवर एवढेच म्हटले, “ले जाव मा, बहोत दिनां से हँसी नै वो.”

शनिवारी सकाळी सातला आम्ही दारात उभ्या. तिने दार उघडले, आम्हाला पाहून आधी हसली, मग मुलीच्या हातातली बॅग पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. “मला विचारलं का कुणी?” आम्ही हसण्यावारी नेले. सासूबाई आतून म्हणाल्या, “जाके आ गे मा, घर कू मैं हूँ ना.” त्यांच्या शब्दाखातर ती गाडीत बसली. टाकळीजवळ भीमा ओलांडून कर्नाटकात शिरलो तरी ती खिडकीबाहेरच पाहत होती.

आम्ही आपसांत आणखी एक गोष्ट ठरवली होती. दोन दिवस तिच्या मिस्टरांचा विषय काढायचा नाही. उगीच जखम कशाला उघडायची? म्हणून वसतिगृहातल्या सगळ्या गमती काढल्या. कोण पाठाच्या वेळी खडू विसरली, कुणी रेक्टरबाईंच्या डब्यातली शेंगाचटणी पळवली. ती हसायची तिथे हसत होती. आम्हाला वाटले, जमले.

विजापूर तसे आपल्याला परके नाही. 2014 पासून त्याचे अधिकृत नाव विजयपुरा आहे, पण सोलापूरकर अजून विजापूरच म्हणतात. आदिलशाहीची ही राजधानी 1686 मध्ये औरंगजेबाने घेतली. त्याआधी जवळपास दोनशे वर्षे इथून राज्य चालले, आणि मराठी माणसे त्या दरबारात होती. दुपारी ज्वारीची भाकरी, भरले वांगे आणि शेंगाचटणी जेवलो. चव आपलीच. खोलीवर जोहर पढली. प्रवासात चार फर्ज रकातींच्या दोन होतात, फजर आणि मगरिब तशाच राहतात, हे मिरजवालीच्या मुलाला नव्याने समजावले.

मग टांगा केला. मुलूख मैदान तोफ पाहिली. ती 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि वजन सुमारे पंचावन्न टन. एवढे धूड इथवर कसे आणले असेल यावर गाडी चालवून दमलेला मुलगा बराच वेळ बोलत होता. बारा कमान पाहिली. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर अर्धीच राहिली, नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत. सोलापूरवाली तिथे थोडी रेंगाळली. आम्ही तिला घाईने पुढे नेले. कबरीपाशी फार थांबायला नको, असे आम्हाला वाटले.

फोटो काढताना ती म्हणाली, “स्टेटसला लावू नका.” आम्ही का म्हणून विचारले नाही. कारण माहीत होते. मोहल्ल्यात कुणीतरी म्हणणारच, नवरा जाऊन दीड वर्ष झाले नाही आणि ही फिरायला निघाली. म्हणणाऱ्यांसाठी इथेच लिहून ठेवतो. सूरह बकराच्या 234 व्या आयतीत विधवेची मुदत चार महिने दहा दिवस सांगितली आहे, आणि ती पूर्ण झाल्यावर तिने रीतीला धरून स्वतःसाठी जे केले त्याचा दोष नाही, असेही त्याच आयतीत सांगितले आहे. अल्लाहने जी मुदत ठरवली ती आपण वाढवायची नाही.

रविवारी सकाळी गर्दीच्या आधी गोल घुमट गाठायचा बेत होता. उशीर झाला. 1656 मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची ही कबर. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर, आणि आत एकही खांब नाही. मिरजवालीचे गुडघे दुखतात, ती खालीच बसली. आम्ही कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्यातून वर चढलो. भिंतीशी कुजबुजले तर पलीकडच्या टोकाला ऐकू येते, ते ऐकायचे होते. पण शाळेची सहल आली होती. दीडशे पोरे एकदम ओरडत होती आणि प्रत्येक आवाज पुन्हा पुन्हा घुमत होता. आम्हाला शेजारचीचेही ऐकू येईना. कान दाबून खाली उतरलो.

तिथून इब्राहिम रोजा. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये हौद. दुसरा इब्राहिम आदिलशहा आणि त्याची बेगम ताज सुलताना इथे आहेत. खिडक्यांच्या दगडी जाळ्यांत अरबी अक्षरे कोरलेली, त्यातून उजेड आत येतो. आत दुआ मागून बाहेर आलो आणि हौदाच्या बाजूला सावलीत बसलो. शांत होते. तिथे सोलापूरवाली बोलली.

“दीड वर्ष झालं, आमच्या घरात त्यांचं नाव कुणी घेत नाही. मला रडू येईल म्हणून मुलं घेत नाहीत. अम्मांना त्रास होईल म्हणून मी घेत नाही. मला वाटलं, तुम्ही तरी घ्याल. कालपासून तुम्ही पण टाळताय.”

आमच्यापैकी कुणालाच काही सुचेना. शेवटी लातूरवालीने विचारले, “चहा अजून तसाच प्यायचे का गं ते, बशीत ओतून?”

एवढे पुरले. ती रडली, मग हसली, मग दीड तास बोलत राहिली. कारखान्यातून दोष निघालेले टॉवेल ते घरी आणायचे, घरात अजून पंधरा आहेत, ती एकही वापरू देत नाही. रमजानमध्ये सेहरीला तेच सगळ्यांना उठवायचे, या वर्षी मोबाइलच्या गजराने उठावे लागले. शेवटच्या दिवशी सकाळी भाजीवरून दोघांत खटका उडाला होता, तो तिने आजवर कुणाला सांगितला नव्हता. आम्ही काही समजावले नाही. फक्त ऐकले.

बोलता बोलता कळले की त्यांचे कपाटही तेव्हापासून बंद आहे. सगळे कागद त्यातच. प्रॉव्हिडंट फंडाचा अर्ज भरलेला नाही, घर अजून त्यांच्याच नावावर. मुले असताना पत्नीचा आठवा आणि आईचा सहावा हिस्सा कुरआनने ठरवून दिला आहे, पण ज्या घरात नावच घ्यायचे नाही तिथे वाटणीचा विषय कोण काढणार? लातूरवाली पतसंस्थेत काम करते. पुढच्या सुट्टीत येऊन तुझ्यासोबत कपाट उघडते, असे तिने सांगितले. ती आली, आणि अर्ज गेला आहे.

संध्याकाळी सोलापूरला पोहोचलो. सासूबाई दारातच बसल्या होत्या. तिने त्यांच्याजवळ बसून आम्हा सर्वांदेखत सांगितले, “अम्मा, आज त्यांची खूप आठवण काढली.” म्हाताऱ्या बाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “मेरे सामने बी निकाल मा. मैं उसकी माँ हूँ.” दोघी एकमेकींना जपत दीड वर्ष गप्प होत्या.

आमची चूक इथे होती. आठवण काढली नाही तर दुःख कमी होईल, असे आम्ही धरून चाललो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी असे केले नाही. हजरत खदीजा (रजि.) गेल्यानंतर कितीतरी वर्षे ते त्यांची आठवण काढत, त्यांचे गुण सांगत. बकरी जबह केली की त्यातला हिस्सा खदीजांच्या मैत्रिणींच्या घरी पाठवत. ही हदीस आम्ही चौघींनी किती वेळा वाचली होती, मुलांना शिकवलीही होती.

तर भगिनींनो, तुमची अशी एखादी मैत्रीण असेल तर तिला जरूर बाहेर न्या. दोन तासांवरचे गाव पुरते. खर्च तिच्यावर पडू देऊ नका. घरातल्या थोरांना आधी सांगा. पण तिलाही विचारा. आम्ही विचारले नाही, ते तिला आजही आवडलेले नाही, आणि ते तिने स्पष्ट सांगितले. पुढच्या खेपेला कुठे जायचे ते तीच ठरवणार आहे. आणि जो माणूस गेला त्याचे नाव तुम्ही आधी घ्या. ती वाट पाहत असेल.

अल्लाह मरहूमांची मगफिरत करो आणि मागे राहिलेल्यांना सब्र देवो. आमीन.